फुकट ते पौष्टिक. पण बिल कोण भरतंय?

महिन्याची वीस तारीख उलटली की रूमवरचं सगळं अर्थशास्त्र बदलतं. कॉलेज रोडवरच्या कॅफेतली कॉफी टपरीवरच्या कटिंगवर येते. रिक्षा सिटीलिंकवर येते आणि सिटीलिंक स्वतःच्या दोन पायांवर. ‘चल, पिक्चर टाकू’ म्हणणारा मित्र अचानक समजूतदार होतो आणि ‘मोबाइलवर येईलच की दोन महिन्यांत’ असं सांगायला लागतो.

मुंबई-पुण्याची मंडळी यावर हसतील. नाशिक आणि महाग? पण शहर महाग की स्वस्त, हे घरून किती पैसे येतात त्यावर ठरतं. पेठ, सुरगाणा, कळवण, सटाणा किंवा पार नंदुरबारहून शिकायला आलेल्या पोरापोरींसाठी नाशिक हेच मोठं शहर आहे. रूमचं डिपॉझिट, भाडं, मेस, क्लासची फी, झेरॉक्स, रिचार्ज... ही यादी संपायच्या आत पैसे संपतात.

मग सुरू होतो फुकटाचा शोध. त्यात आपण आधीपासूनच तरबेज आहोत म्हणा. मिसळ एक, रस्सा तीनदा. पाणीपुरी संपली की ‘भैया, एक सुकी’ हा तर जणू राज्यघटनेनं दिलेला हक्क. भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीच्या चार काड्या वरून टाकल्या नाहीत, तर खरेदी पूर्ण झाल्यासारखीच वाटत नाही. ‘फुकट ते पौष्टिक’ हे वाक्य आपण हसत हसत म्हणतो.

पण कुणी ‘फुकट्या’ म्हटलं की मात्र लागतं. आणि गंमत म्हणजे ही लाज आपण नेमकी चुकीच्या जागी वापरतो. एखाद्या अ‍ॅपनं ‘तीन महिने फ्री’ म्हटलं की डोळे झाकून बटण दाबतो, कार्डाचा नंबरसुद्धा देऊन टाकतो. पण लंगरमध्ये जेवायला बसायचं, ओळख नसताना एखाद्या व्याख्यानाला जाऊन पुढच्या रांगेत बसायचं, वसतिगृहाच्या भत्त्याचा अर्ज करायचा म्हटलं की पाय अडखळतात. ‘लोक काय म्हणतील?’

म्हणून प्रत्येक फुकट गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा. हे मला फुकट आहे, तर बिल कोण भरतंय आणि कशासाठी? या एका प्रश्नानं फुकटाचे ढीग आपोआप वेगळे होतात. कुठे बिनधास्त जायचं आणि कुठून लांब राहायचं, तेही कळतं.

शहराचं फुकट वेळापत्रक

आधी मजेचं बघू. नाशिकमध्ये वर्षभर बिनपैशाचं इतकं काही चालू असतं की वेळापत्रक करून भिंतीला लावावं.

सुरुवात रंगपंचमीपासून. बाकीचं जग धुळवडीला रंग खेळतं, पण जुन्या नाशकातला खरा रंग पंचमीला. पेशवेकाळापासूनच्या ‘रहाडी’, म्हणजे जमिनीत बांधलेले मोठाले हौद, वर्षातून या एका दिवसासाठी उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शनी चौकात गुलाबी, तिवंध्यात पिवळा, दिल्ली दरवाजात केशरी. पूजा झाली की ज्याला हिंमत असेल त्यानं त्यात ‘धप्पा’ मारायचा. तिकीट नाही, हाताला पट्टा नाही, व्हीआयपी रांग नाही. रंग अंगावरून जायला काही दिवस लागतात, एवढीच काय ती किंमत.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला. शंभरी ओलांडलेली ही व्याख्यानमाला यशवंतराव महाराज पटांगणावर भरते. महिनाभर रोज संध्याकाळी नवा वक्ता, नवा विषय. कधी इतिहास, कधी अर्थकारण, कधी सिनेमा, कधी शेती. उन्हाळ्यात नदीकाठी वारा असतो, घाटावर बसायला जागा असते आणि भाषण कंटाळवाणं निघालं तर उठून जायला कुणी अडवत नाही. ज्या वक्त्याला ऐकायला एरवी हजार रुपयांचं सेमिनार लावावं लागेल, तो इथे समोर पाच-सात मीटरवर बोलत असतो. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांनी तर चुकवू नये. निबंधाच्या पेपरला लागणारे मुद्दे इथे आयते मिळतात.

दिवाळीत पाडव्याच्या पहाटे नेहरू चौकातला पिंपळपार. गल्लीबोळांच्या मधोमध, पिंपळाखाली, अंधार असतानाच शास्त्रीय गाण्याची मैफल सुरू होते. थंडीत शाल गुंडाळून बसलेले आजी-आजोबा आणि त्यांच्या शेजारी जागा धरून बसलेली कॉलेजची पोरं, हे दृश्य बघण्यासाठी तरी एकदा पहाटे उठावं.

फेब्रुवारीच्या २७ तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात कवितावाचन, पुस्तक प्रदर्शन, नाट्यवाचन असं काही ना काही शहरात होतंच. गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात एरवीही चक्कर मारून यावी. बाहेरच्या फलकावर आठवडाभराचे कार्यक्रम लागलेले असतात आणि त्यातले बरेच ‘सर्वांसाठी खुले’ असतात.

वाचणाऱ्यांसाठी १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय आहे, आपलं ‘सावाना’. पुस्तक घरी न्यायचं तर सभासद व्हावं लागतं, पण वर्तमानपत्रं वाचायला बसणाऱ्याला कुणी ‘तू कोण’ म्हणून विचारत नाही. रूमवर पाच जण असताना अभ्यासाला एक शांत खुर्ची मिळणं ही किती मोठी चैन आहे, ते परीक्षेच्या महिन्यात कळतं.

आणि काहीच नसेल तर रविवारी रामशेज. तासाभराच्या आत पायथा, चढायला सोपा आणि पाण्याची बाटली सोडली तर खर्च शून्य. १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगलांना हा छोटासा गड जिंकता आला नव्हता. आपल्याला तो पाऊण तासात सर होतो!

दोन हजारांचं व्याज

आता तो प्रश्न. हे सगळं चालतं कसं? व्याख्यानमालेचा मांडव, पिंपळपारावरचा साउंड, वाचनालयातली वर्तमानपत्रं यांचं बिल कोण देतं?

याचं उत्तर नाशकात दगडावर कोरून ठेवलंय, तेही सुमारे १,९०० वर्षांपूर्वी. महामार्गालगतच्या पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांत आपण सगळे गेलेलो असतो. पायऱ्या चढतो, फोटो काढतो, खाली येतो. पुढच्या वेळी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात थोडं थांबा. तिथे भिंतीवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं केलेल्या दानाचा तो जाहीर हिशेब आहे.

त्यातला एक भाग असा. उषवदातानं लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. पण ती रक्कम भिक्खूंच्या हातात ठेवली नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघटनेकडे, २,००० कार्षापण ठेवले. व्याज महिन्याला शेकडा एक. विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १,००० ठेवले, ते पाऊण टक्क्यानं. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या वीस भिक्खूंना त्या २,००० च्या व्याजातून प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यांसाठी मिळायचे.

जरा कॅल्क्युलेटर काढा. दोन हजारांवर महिन्याला एक टक्का म्हणजे वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. भागिले वीस भिक्खू, बरोबर बारा. हिशेब पैशापर्यंत जुळतो! एफडीच्या व्याजावर चालणारी स्कॉलरशिप आपण आज जशी बघतो, तशीच ही. आणि ते गोवर्धन कुठे दूर नाही, गंगापूर रोडनं पुढे गेलं की त्याच नावाचं गाव लागतं.

त्याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात आणखी एक गोष्ट आहे. उषवदातानं काही नद्यांवर होड्या ठेवून लोकांना फुकट पलीकडे नेण्याची सोय केली, असं त्यात नमूद आहे. नद्यांची नावंही दिलीत आणि त्यांत पारदा, दमण, तापी आहेत. अभ्यासक यांतल्या पारदेला आजची पार आणि दमणला आजची दमणगंगा मानतात. या दोन्ही नद्या आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावतात. त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर बसायला सभा आणि पाणी द्यायला ‘प्रपा’, म्हणजे पाणपोया बांधल्याचंही लेख सांगतो. म्हणजे फुकट प्रवास आणि थंड पाणी! सुरगाण्याच्या पोरीला आज एसटीचा पास काढताना हे माहीत नसतं, पण तिच्या भागातल्या नदीवर फुकट प्रवासाची योजना दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन गेली आहे.

बिल भरणारा राजघराण्यातला होता. त्याला पुण्य हवं होतं, नाव हवं होतं आणि ते त्यानं लपवलंही नाही. भिंतीवर कोरून घेतलं. पण होडीत बसणाऱ्याकडून त्याला काही नको होतं. चांगल्या फुकटाची ओळख हीच असते. देणारा आपलं नाव लावील, पण तुमच्याकडे हात पसरणार नाही.

जाता जाता, लेणी बघायला पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. पण १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो आणि ८ मार्चला महिला दिन. अलीकडच्या वर्षांत १८ एप्रिलला सगळ्यांना आणि ८ मार्चला महिलांना या खात्याच्या स्मारकांत मोफत प्रवेश दिला गेला आहे. तेवढी घोषणा बघून जा.

पंगतीत बसताना

फुकट म्हटलं की आधी पोट आठवतं. इथे देवळांचे भंडारे आहेत, गणपती-नवरात्रातले महाप्रसाद आहेत आणि सिंहस्थ आला की गोदाकाठी अन्नछत्रांची रांगच लागते. शिंगाडा तलावाजवळच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. लंगरचे नियम साधे. डोकं झाका, चप्पल बाहेर काढा, सगळ्यांबरोबर जमिनीवर बसा, हवं तेवढंच घ्या, ताटात टाकू नका. तुमचं नाव, जात, धर्म, खिशातले पैसे कुणी विचारत नाही. जेवून झाल्यावर भांडी घासायला किंवा वाढायला हात लावलात तर उत्तमच. तिथे वाढणारा आणि जेवणारा यांच्यात भिंत नाही, उद्या जागा बदलू शकतात. म्हणून तिथे जेवताना लाज वाटायचं कारण नाही.

पंगत आणि लाज यांचा विचार गाडगे महाराजांइतका नेमका क्वचितच कुणी केला असेल. हा माणूस गावात आला की आधी खराटा घेऊन गाव झाडायचा आणि मग भाकरीचं बघायचा. आयतं खाणं त्यांना पटत नव्हतं. पण याच माणसानं गोरगरीब यात्रेकरूंसाठी गावोगावी धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यातली एक आपल्या गोदाकाठी आहे. स्वतः फुकट घ्यायचं नाही, पण दुसऱ्याला रात्री डोकं टेकायला छप्पर मिळालंच पाहिजे. या दोन गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदत होत्या. महिन्याच्या पंचवीस तारखेला पंगतीत बसणाऱ्यानं दर वेळी खराटा घ्यायलाच हवा असं नाही. पण नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात कधीतरी एक पंगत आपली असावी, एवढं तरी मनात ठेवायला हरकत नाही.

वसंत व्याख्यानमाला ज्या पटांगणावर भरते, त्याचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते यशवंतराव महाराजही याच रांगेतले. सटाण्याचे मामलेदार असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला, असं सांगतात. लोकांनी त्यांना ‘देवमामलेदार’ केलं. पुढे तपासणी झाली तेव्हा खजिना भरलेला निघाला, अशी आख्यायिका आहे. चमत्कारावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. लोकांच्या लक्षात राहिला तो अधिकारी खजिन्याच्या किल्ल्या सांभाळणारा नव्हता, वेळेला कुलूप उघडणारा होता.

दार उघडं कुणाला?

पण इथे एक मेख आहे. एखादी गोष्ट फुकट असली म्हणजे ती सगळ्यांना खुली असतेच असं नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकायला शहरात आलेला गरीब मुलगा ‘वार लावून’ जेवायचा. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या, असे आठवड्याचे सात वार सात घरं. अनेक मोठ्या माणसांच्या चरित्रांत या वारांच्या गोष्टी येतात आणि आपण त्या कौतुकानं वाचतो. पण ही घरं प्रामुख्यानं ब्राह्मण मुलांनाच जेवू घालायची. शेतकऱ्याच्या किंवा दलित घरातल्या मुलाला शहरात वार मिळणार कुठून? मग त्यानं शिकायचंच नाही का?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे वसतिगृहं, त्या काळच्या भाषेत बोर्डिंगं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगं सुरू केली आणि ती कल्पना राज्यभर पसरली. नाशिकच्या उदोजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिलाही १९२० साली त्यांच्याच हस्ते बसली. कुणाच्या तरी घरची दया नको. मुलाला शिकण्यासाठी छप्पर आणि जेवण मिळालंच पाहिजे, ही व्यवस्था हवी. वाराच्या जेवणापासून वसतिगृहापर्यंतचा हा बदल छोटा नव्हता.

आणि दहाच वर्षांत याच शहरानं आणखी मोठी लढाई बघितली. काळाराम मंदिरात दर्शनाला तिकीट नव्हतं. पण दार दलितांना बंद होतं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची पाच वर्षं तो या ना त्या रूपात चालत राहिला. आज आपण पंचवटीत फिरताना सहज आत डोकावून येतो. ज्या दारातून आपण फुकट आत शिरतो, त्याची किंमत आपल्या आधी कुणीतरी मोजलेली असते. नाशकात राहून हे विसरणं बरं नव्हे.

म्हणून ‘प्रवेश विनामूल्य’ असा फलक दिसला की आणखी एक गोष्ट बघायची. आत कोण बसलंय आणि कोण बाहेरच राहिलंय? गावाकडून आलेली, मराठी नीट बोलायला बिचकणारी पहिल्या वर्षाची मुलगी त्या व्याख्यानाला आली आहे का? नसेल तर तिला बरोबर न्यायला आपल्याला तर काहीच पैसे पडत नाहीत.

याला फुकट म्हणू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्याला आपण संकोचानं ‘फुकट’ म्हणतो आणि अर्जच करत नाही, ते.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. राहण्या-जेवणासाठीही वेगवेगळ्या योजना आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून भाड्यानं राहणाऱ्याच्या खात्यात थेट पैसे यावेत, ही यातल्या स्वाधार, स्वयम् आणि आधार या तिन्ही योजनांमागची कल्पना. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय तर नाशिकमध्येच आहे. स्पर्धा परीक्षांच्या मोफत प्रशिक्षणासाठी बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आहेत. आणि हाताला काम हवं असेल तर आपल्या विद्यापीठाची कर्मवीरांच्या नावाची ‘कमवा आणि शिका’ योजना कॉलेजातच चालते.

यांतलं काही कुणाचं उपकार नाही. तुमचे वडील खताची गोणी घेतात, आई साबण घेते, तुम्ही रिचार्ज मारता, त्या प्रत्येकावर कर जातो. सरकारी योजनेचं बिल कोण भरतंय, याचं उत्तर ‘आपणच’ असं आहे. एकाच्या जिवावर दुसरा उदार होतो आणि वर आपलाच फोटो फलकावर लावतो, तेव्हा आपली म्हण आठवावी, ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’. फलकावर फोटो कुणाचाही असो, मिठाई आपल्याच दुकानातली आहे.

मात्र या हक्काची रांग कागदांनी भरलेली असते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, भाडेकरार, हजेरी. यातला एक कागद राहिला की अर्ज अडकतो. म्हणून जून-जुलैतच फाइल तयार ठेवा आणि महाडीबीटीच्या तारखा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा. प्रवेशाच्या गडबडीत सीनियरनं ज्युनियरला द्यायची खरी भेट कोणती, तर आपली भरून मंजूर झालेली अर्जाची झेरॉक्स! तिच्यावरून दहा जणांचे अर्ज बिनचूक भरले जातात.

पैसे देऊन विकत घ्यावं लागेल असं समजून आपण सोडून देतो, असंही बरंच अभ्यासाचं साहित्य खुलं आहे. ‘स्वयम्’ नावाचंच, पण केंद्राचं ऑनलाइन पोर्टल आहे. तिथले कोर्स शिकायला मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात तर पुस्तकांची अख्खी पेटीच वाचकांच्या गटाकडे येते. देणगीदार पेटी देतात, गट ती फिरवतो, वाचून झाली की बदलून दुसरी येते. विनायक रानडे यांनी नाशकात सुरू केलेल्या या पेट्या पुढे परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. तुमच्या वसतिगृहात वीस-पंचवीस वाचणारे असतील, तर विचारायला काय हरकत आहे?

गळाला लावलेलं फुकट

राहिला तिसरा ढीग. याचं बिल आज कुणी दुसरा भरतो, पण उद्या ते तुमच्याच नावावर फाडायचं असतं.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओनं कॉल आणि डेटा फुकट दिला, तो मार्च २०१७ पर्यंत चालला. तेव्हा आपल्यातले बरेच जण प्राथमिक शाळेत होतो. पण घरातली सगळी मोठी माणसं सिमच्या रांगेत उभी होती, हे आठवत असेल. त्या काही महिन्यांत रोज व्हिडिओ बघायची जी सवय लागली, ती गेली नाही. आज आपण तिचा दरमहा रिचार्ज भरतो. यात फसवणूक काही नव्हती. सवय लावणं हाच धंद्याचा भाग होता.

२०२५ मध्ये तेच एआयच्या बाबतीत झालं. एअरटेलच्या ग्राहकांना परप्लेक्सिटी प्रो एक वर्ष, जिओच्या ग्राहकांना गुगलचं जेमिनाय प्रो अठरा महिने, चॅटजीपीटी गो भारतात एक वर्ष. सगळं फुकट. वापरावं का? जरूर वापरावं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. एक, तुम्ही त्यात काय टाकता तेही कुठेतरी साठतं. मित्राची खासगी गोष्ट किंवा आधार कार्डाचा फोटो तिथे टाकायचा नसतो. दोन, अठरा महिन्यांनी जेव्हा पैसे मागितले जातील, तेव्हा त्याच्याशिवाय असाइनमेंट लिहिता येईल इतपत हात चालू ठेवायचा. नाहीतर ती सवयच बिल होऊन येते.

‘पहिला महिना एक रुपया’ या प्रकारात तर खरी मेख ऑटोपेमध्ये असते. एक रुपया भरताना तुम्ही पुढच्या महिन्यांची परवानगी देऊन टाकता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. ती येते, पण ऑफरच्या शंभर मेसेजांत बुडून जाते. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ नावाचा कप्पा असतो, तो आज रात्रीच उघडून बघा. आपण कशाकशाला ‘हो’ म्हणून बसलोय, ते तिथे कळतं. आणि मॉलच्या दारात फॉर्म भरून ‘लकी ड्रॉ’त भाग घ्यायला सांगणाऱ्याला मोबाइल नंबर देण्याआधी जरा थांबा. त्या बदल्यात मिळणारा पेन दहा रुपयांचा असतो आणि पुढची दोन वर्षं फ्लॅट विकणाऱ्यांचे फोन येतात.

फुकट घ्या, पण एवढं पाळा

– आधी विचारा: बिल कोण भरतंय? उत्तर सापडलं नाही, तर ते बहुतेक तुमच्याच नावावर आहे.
– कार्ड नंबर, ओटीपी किंवा ऑटोपे मागणारं ‘फ्री’ खरं फ्री नसतं.
– मोफत कार्यक्रमाला वेळेवर जा आणि पुढच्या रांगेत बसा. रिकाम्या खुर्च्या बघून आयोजक पुढच्या वर्षी हात आखडता घेतात.
– पंगतीत हवं तेवढंच घ्या. उरलेलं बांधून मागू नका, कुणी स्वतःहून दिलं तर घ्या.
– पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोफत असणं अपेक्षितच आहे. मागताना ओशाळू नका.
– योजनेचा अर्ज करताना लाजू नका, मात्र खोटा दाखला जोडू नका. तो जोडणारा खऱ्या गरजूची जागा खातो. ‘फुकट्या’ हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवायचा.
– आपल्याला कळलेली फुकट गोष्ट किमान एका नवख्याला सांगा. या महिन्यात खिशात वीस रुपये असले तरी एवढं दान करता येतंच.